जुन्या एसयूव्हीचे टीसीएम बदलूनही गिअर अडकत असेल तर

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली दहा-पंधरा वर्षे जुनी एसयूव्ही चालता चालता एकाच गिअरमध्ये अडकते, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी उचल घेत नाही, आणि बाजूला थांबवून किल्ली बंद-चालू केली की काही झालेच नाही अशी ती पुन्हा धावू लागते. मी वाहनांच्या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे काम करतो. ठाणे आणि नवी मुंबईतून ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते आणि पावसाळा लागला की वाढते. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचे ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे टीसीएम, आधीच एकदा बदललेले असते. मालकाने मोठा खर्च केलेला असतो, गाडी काही आठवडे नीट चाललेली असते, आणि मग तोच दिवा त्याच चढावर पुन्हा लागतो. म्हणून मॉड्यूल बदलण्याची कृती सांगण्याआधी, ते बदलण्याची वेळ कशामुळे आली हे कसे शोधावे, यासाठी मी येथे अधिक जागा देत आहे.

टीसीएम हा गिअरबॉक्सचे निर्णय घेणारा छोटा संगणक आहे. गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा वेग मोजणारे सेन्सर, ऑईलच्या तापमानाचा सेन्सर, गिअर लिव्हर पी, आर, एन, डी यांपैकी कोठे आहे हे कळवणारा स्विच, आणि कॅन नावाच्या दोन तारांच्या जोडीवरून इंजिनाच्या मॉड्यूलकडून येणारी ॲक्सिलरेटर व ब्रेकची माहिती, एवढ्यावरून तो कोणता गिअर टाकायचा हे ठरवतो आणि गिअरबॉक्सच्या आतील सोलेनॉइडना, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपांना, वीज देऊन ऑईलचा दाब योग्य त्या क्लचकडे वळवतो. यांतली एखादी माहिती येईनाशी झाली किंवा इतरांशी जुळेनाशी झाली, की तो सोलेनॉइडची वीज तोडतो. वीज तुटल्यावर झडपा ज्या मूळ स्थितीत येतात, त्या स्थितीत पुढचा एकच गिअर आणि रिव्हर्स एवढेच शिल्लक राहते. पुढचा गिअर काही गाड्यांत दुसरा असतो, काहींत तिसरा. यालाच लिम्प मोड म्हणतात. क्लच घसरून जळू नयेत आणि गाडी गॅरेजपर्यंत नेता यावी, यासाठी निर्मात्यानेच ही सोय केलेली असते. त्यामुळे लिम्प मोड लागला म्हणजे मॉड्यूल गेले, असा अर्थ लगेच काढू नये. बऱ्याचदा मॉड्यूलने आपले काम चोख केलेले असते. त्याला मिळणारी वीज किंवा माहितीच सदोष असते.

गाडी रस्त्यात अडकली तर ती सपाट रस्त्यावरून, हळू वेगाने, जवळच्या सुरक्षित जागी न्यावी. त्या एकाच गिअरवर भरल्या गाडीने ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा घाट चढण्याचा हट्ट धरू नये, कारण इंजिनाची शक्ती ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टर सतत घसरत राहतो आणि ऑईल भराभर तापते. टोचन लावण्याची वेळ आली तर चारही चाके वर घेऊन नेणारी सपाट फळीची गाडीच बोलवावी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला ऑईलचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरत राहिली, तर आतील भागांना ऑईल मिळत नाही आणि केवळ विजेचा असलेला दोष यांत्रिक होऊन बसतो.

कोड वाचण्याआधी बॅटरी काढू नये

दिवा घालवण्यासाठी बॅटरीची तार काढून पुन्हा लावणे हा आपल्याकडे सर्वांत आधी केला जाणारा उपाय आहे आणि तपासणीचे सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. दोष नोंदला गेला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे आणि तापमान किती होते, ही माहिती कोडबरोबर, म्हणजे दोषाच्या सांकेतिक क्रमांकाबरोबर, साठवलेली असते. अनेक जुन्या गाड्यांत बॅटरी काढली की ती जाते. मग गाडीने दिलेली एकमेव साक्ष हातची जाते आणि पुढचे सगळे अंदाजाने करावे लागते.

दुसरी अडचण कोड वाचणाऱ्या स्वस्त स्कॅनरची असते. मोबाईलला जोडता येणारी छोटी उपकरणे बहुधा फक्त इंजिनाच्या मॉड्यूलशी बोलतात आणि पी०७०० एवढाच कोड दाखवतात. हा कोड गिअरबॉक्समधला कोणताही विशिष्ट दोष सांगत नाही. टीसीएमने काहीतरी नोंदवले आहे आणि दिवा लावण्याची विनंती केली आहे, इतकाच त्याचा अर्थ असतो. केवळ पी०७०० पाहून मॉड्यूल मागवले गेल्याचे मी पाहिले आहे, आणि ते निव्वळ अज्ञानातून झालेले नुकसान होते. खुद्द टीसीएममध्ये शिरून त्याचे कोड वाचणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडेच गाडी न्यावी आणि सर्व मॉड्यूलचे सर्व कोड, आत्ताचे आणि जुने असा भेद नोंदवून, लिहून घ्यावेत.

त्या यादीकडे पाहण्याची एक पद्धत आहे. पी०७१५ म्हणजे आत येणाऱ्या शाफ्टच्या वेगाच्या सेन्सरचे सर्किट, पी०७२० म्हणजे बाहेर पडणाऱ्या शाफ्टच्या सेन्सरचे, आणि पी०७०५ म्हणजे लिव्हरची जागा सांगणाऱ्या स्विचचे. यांपैकी एकच कोड एकटा आणि नेमाने येत असेल, तर शोध त्या सेन्सरकडे आणि त्याच्या वायरिंगकडे वळवावा. पी०७३० हा गिअरचे गुणोत्तर जुळत नसल्याचा कोड आहे. तो येत असेल आणि ऑईल काळपट होऊन त्याला जळका वास येत असेल, तर आतले क्लच झिजले असण्याची शक्यता मोठी असते आणि तेथे मॉड्यूल बदलून काहीही साधत नाही. पी०५६२ आणि पी०८८२ हे कमी व्होल्टेजचे कोड आहेत. पहिला एकूण गाडीच्या पुरवठ्याचा, दुसरा टीसीएमला मिळणाऱ्या पुरवठ्याचा. यू०१०१ म्हणजे टीसीएमशी संपर्क तुटला. पी०६०१, पी०६०४ आणि पी०६०५ हे मात्र मॉड्यूलच्या स्वतःच्या स्मृतीचे दोष आहेत, आणि ते टीसीएममध्येच नोंदलेले असून पुसल्यानंतर लगेच परत येत असतील, तर मॉड्यूलवरचा संशय रास्त ठरतो.

एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच कोड एकाच वेळी दिसले, तर मी सेन्सर तपासायला जातच नाही. दोन सेन्सर, एक सोलेनॉइड आणि कॅन हे सारे एकाच दिवशी बिघडण्याची शक्यता फार थोडी; त्या सर्वांना समान असलेला पुरवठा किंवा अर्थ (गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे वीज परत नेणारी जोडणी) खराब असण्याची शक्यता मोठी. तुटक वीज मिळालेले मॉड्यूल अर्धवट जागे राहते आणि वाटेल ते कोड नोंदवते.

मीटर बारा व्होल्ट दाखवतो, तरी वीज पोहोचत नसते

सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते, स्टार्टर फिरताना ती साधारण १० व्होल्टच्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. जुन्या गाडीत या तीन आकड्यांपैकी एखादा हमखास ढळलेला असतो, आणि तो दुरुस्त होईपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही. आल्टरनेटरचे डायोड खराब असतील तर व्होल्टेज बरोबर दिसूनही त्यात तरंग उमटतात. मीटर एसी व्होल्टेजवर ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजले आणि अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले, तर आल्टरनेटर उघडून पाहावा.

त्यानंतर टीसीएमचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, काढून त्याच्या पुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनांवर मोजणी करावी. कोणती पिन कशाची आहे हे त्या गाडीच्या वायरिंगच्या आराखड्यावरूनच ठरवावे, तारांच्या रंगावरून नव्हे, कारण जुन्या गाडीच्या वायरिंगला आधी किती हात लागलेले आहेत हे सांगता येत नाही. येथे नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नये. मीटर जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही, त्यामुळे तारेतली एकच बारीक काडी शाबूत असली तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब दोन तारा जोडून त्या पिनांमध्ये लावावा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. तार आणि जोड चांगले असतील तर लख्ख पेटतो, नसतील तर मंद पेटतो. ही तपासणी फक्त पुरवठा आणि अर्थ यांच्यासाठी आहे. कॅनच्या किंवा सेन्सरच्या तारांना बल्ब लावल्यास चांगली मॉड्यूलही जळू शकतात.

घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्या एका गृहस्थांच्या डिझेल एसयूव्हीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. त्यांच्या गाडीचे मॉड्यूल आधीच्या गॅरेजमध्ये बदललेले होते आणि ते दुसरे मॉड्यूलही बाद झाले असे त्यांना सांगण्यात आले होते. "मॉड्यूल बदललं, तरी गाडी गायमुखच्या चढावर तिथेच धरते," एवढेच त्यांचे म्हणणे होते. टीसीएममध्ये पी०८८२ आणि दोन्ही वेगांच्या सेन्सरचे कोड होते. इंजिनाच्या मॉड्यूलमध्ये यू०१०१ होता. कपलरवर मीटरने १२.४ व्होल्ट दाखवले. बल्ब लावला तेव्हा तो मंद पेटला आणि व्होल्टेज ९ च्या खाली घसरले. मग बल्बचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावून दुसरे कपलरच्या अर्थच्या पिनेला लावले, तरी तो तसाच मंद राहिला. याचा अर्थ पुरवठ्याची बाजू ठीक होती आणि दोष अर्थच्या बाजूला होता.

ती अर्थची तार बॉनेटच्या मागच्या टोकाला, वायपरखालच्या पन्हाळीच्या बाजूला बॉडीला बोल्टने आवळलेली होती. बोल्ट वरून पाहता घट्ट आणि स्वच्छ होता. तो सोडवल्यावर खालचा गोल टर्मिनल हिरवागार कळंकलेला निघाला, आणि तारेवरची काळी टेप सोलल्यावर आत बोटभर लांबीपर्यंत तांबे काळे पडून कुरकुरीत झालेले दिसले. हलक्या हाताने वाकवताच बऱ्याच काड्या तुटल्या. चढावर एसी, पंखा, वायपर आणि दिवे चालू असताना, गरम गिअरबॉक्सला जास्त दाब देण्यासाठी मॉड्यूल जास्त प्रवाह मागत असे. अर्थच्या जोडात अर्धा ओहम रोध असेल तर ३ अँपिअरला दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतो, आणि येथे रोध त्याहून बराच जास्त होता. मॉड्यूल क्षणभर बंद पडून पुन्हा जागे होई, तेवढ्यात इंजिनाच्या मॉड्यूलने संपर्क तुटल्याची नोंद केलेली असे. सपाट रस्त्यावर, कोरड्या हवेत, तेच मॉड्यूल दिवसभर विनातक्रार चाले. दुसरे मॉड्यूल पूर्ण चांगले होते. तार नव्या टर्मिनलसह बदलली, बॉडीवरची जागा घासून पत्रा उघडा केला, बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावले, आणि त्या मॉड्यूलवरच गाडी आजही चालते.

त्यांनी जपून ठेवलेले पहिले मॉड्यूलही मी उघडून पाहिले. ते मात्र खरोखरच गेले होते. आतल्या सर्किटवर एका बाजूला पाणी साचून वाळल्याची पांढरट रेघ होती आणि त्या रेघेखालच्या पिना कळंकलेल्या होत्या. सोसायटीत गाडी गुलमोहराखाली उभी असे. गुलमोहराची बारीक पाने आणि चिखल यांचा लगदा वायपरखालच्या पन्हाळीच्या निचऱ्याच्या भोकात गच्च बसला होता. साचलेले पाणी एकीकडे मॉड्यूलच्या डब्यात शिरले आणि दुसरीकडे अर्थच्या जोडावर मुरत राहिले. पहिल्या दुरुस्तीत मॉड्यूल बदलले गेले, पण ना पन्हाळ साफ झाली, ना अर्थचा जोड पाहिला गेला.

पाणी, ऑईल आणि उंदीर

मॉड्यूलची जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. काहींत ते बॉनेटखाली डब्यात असते, काहींत डॅशबोर्डखाली, काहींत पुढच्या सीटखाली, आणि बऱ्याच नव्या रचनांत गिअरबॉक्सच्या आतच. सीटखाली किंवा पायाजवळ मॉड्यूल असेल आणि गाडी कधी ठाण्यातल्या वंदना सिनेमाच्या परिसरातल्यासारख्या तुंबलेल्या पाण्यातून गेली असेल, तर कार्पेट उचलून खालचा फोम दाबून पाहावा. वरून कोरडे वाटणारे कार्पेट खाली आठवडेच्या आठवडे ओले राहते. एसीच्या पाण्याची नळी तुंबली, तरीही पाणी आतच येते, आणि ते भर उन्हाळ्यातही येते. खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्या-पितळेचे उघडे जोड फार वेगाने कळंकतात, हे तर येथे राहणाऱ्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

ऑईलचा मार्ग मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. मर्सिडीज-बेंझने १९९६ मध्ये आणलेल्या ७२२.६ या पाच गतींच्या गिअरबॉक्सच्या बाबतीत तो जगभर माहीत झालेला आहे. हाच गिअरबॉक्स पुढे सँगयाँग रेक्स्टन आणि जीप ग्रँड चेरोकी यांसारख्या एसयूव्हींतही आला. त्यात गिअरबॉक्सच्या बाजूला १३ पिनांचा कपलर आहे आणि तो ज्या प्लास्टिकच्या अडॅप्टरमध्ये बसतो त्याला रबरी ओ-रिंग आहेत. वय झाले की त्या कडक होतात आणि ऑईल कपलरमध्ये झिरपते. तेथून ते तारांच्या आवरणाच्या आतून, समईच्या वातीत तेल चढावे तसे चढत चढत थेट टीसीएमच्या कपलरपर्यंत पोहोचते. ऑईल स्वतः वीजवाहक नसले तरी ते झिजेची धातूची भुकटी बरोबर आणते, रबरी सील फुगवते आणि मॉड्यूलमध्ये शिरले की आतल्या जोडांना सोडत नाही. असा गिअरबॉक्स असलेल्या गाडीत टीसीएमचा कपलर काढून त्यावर पांढरा कागद टेकवून पाहावा. कागदाला तेलकट डाग लागला, तर नवे मॉड्यूल बसवण्याआधी तो अडॅप्टर ओ-रिंगसह बदलणे आणि वायरिंग साफ करणे अपरिहार्य आहे. अडॅप्टरची किंमत मॉड्यूलच्या तुलनेत अगदी किरकोळ असते. कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, खाली लोंबता ठेवून ऑईल निथळू द्यावे आणि काही दिवसांनी पुन्हा कागद टेकवून पाहावा. डाग परत आला तर गिअरबॉक्स ते मॉड्यूल एवढा वायरिंगचा जुडगाच बदलावा.

उंदरांनी कुरतडलेली तार दिसली तर ती शोधणे सोपे असते; अवघड असते ती आधी कुणीतरी पिळून टेप मारलेली तार. कॅनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात आणि जोडतानाही तो पीळ कायम ठेवावा लागतो. नंतर बसवलेले स्टिरिओ, जीपीएस आणि रिमोट लॉक यांच्या तारा कोठून घेतल्या आहेत हेही पाहावे. कॅनची प्राथमिक तपासणी सोपी आहे. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या (जेथे स्कॅनर जोडतात त्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजावा. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक समांतर असल्यामुळे तो ६० ओहमच्या आसपास यावा. १२० आला तर एका टोकाचा संपर्क तुटलेला आहे. शून्याजवळ आला तर दोन्ही तारा कोठेतरी चिकटलेल्या आहेत. सॉकेट आणि मॉड्यूल यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे संदेश पुढे पोहोचवणारे मधले मॉड्यूल, असलेल्या गाड्यांत मात्र ही मोजणी गेटवेपलीकडची खबर देत नाही.

मॉड्यूल खरोखरच गेले आहे असे केव्हा म्हणावे

पुरवठा आणि अर्थ दोन्हीकडे बल्ब लख्ख पेटतो, कॅनचा रोध बरोबर आहे, कपलर कोरडा आणि स्वच्छ आहे, गिअरबॉक्सच्या कपलरवरून मोजलेले सोलेनॉइडचे रोध त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत आहेत, आणि तरीही मॉड्यूल स्कॅनरला उत्तर देत नाही किंवा अंतर्गत स्मृतीचा कोड पुनःपुन्हा नोंदवते, तर ते गेले असे खात्रीने म्हणता येते. एखादे सोलेनॉइड चांगले असूनही स्कॅनरने आज्ञा दिल्यावर त्याच्या पिनेवर वीज येत नसेल, तर मॉड्यूलमधला त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज सोडणारा भाग, जळलेला असतो. असा ड्रायव्हर बहुधा शॉर्ट झालेल्या सोलेनॉइडमुळे किंवा तारेमुळे जळतो, म्हणून हा रोध मोजल्याशिवाय नवे मॉड्यूल जोडू नये. जोडल्यास नव्याचाही तोच ड्रायव्हर पहिल्याच दिवशी जाण्याचा धोका असतो. गरम झाल्यावरच रुसणारे मॉड्यूल आतल्या तडकलेल्या सोल्डरमुळे तसे वागत असू शकते, आणि हात बसलेल्या कारागिराकडून ते दुरुस्तही होते. मला स्वतःला, पाणी न शिरलेल्या मॉड्यूलची दुरुस्ती हा जुन्या गाडीसाठी अनेकदा सर्वांत चांगला मार्ग वाटतो, कारण गाडीचे कोडिंग, म्हणजे त्या गाडीसाठी भरलेली माहिती, त्यात जसेच्या तसे राहते.

बदलायचेच असेल तर जुन्याच्या लेबलवरचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरांसह, जुळवावा. दिसायला सारखी, तेच कपलर असलेली दोन मॉड्यूल वेगळ्या इंजिनासाठी किंवा वेगळ्या ॲक्सल गुणोत्तरासाठी असू शकतात. ती बसतात, गाडी चालतेही, पण गिअर चुकीच्या वेळी पडतात आणि क्लच हळूहळू झिजतात. कुर्ल्याच्या बाजारातून जुने मॉड्यूल घेणे हा आपल्याकडचा नेहमीचा मार्ग आहे आणि त्यात गैर काही नाही, फक्त ते पाण्यात बुडालेल्या गाडीचे नसावे. कपलरच्या पिनांवर पांढरा किंवा हिरवा थर, झाकणाच्या फटीत चिखलाची रेघ किंवा उघडून पुन्हा चिकटवल्याची खूण दिसली तर ते घेऊ नये. शिवाय काही गाड्यांत मॉड्यूल मूळ गाडीच्या चासी क्रमांकाशी किंवा इमोबिलायझरशी (चोरीरोधक यंत्रणेशी) बांधलेले असते. आपल्या गाडीसाठी ते मोकळे करता येईल का, किंवा जुन्यातली माहिती नव्यात उतरवता येईल का, हे प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला आधी विचारावे आणि पैसे नंतर द्यावेत.

प्रत्यक्ष बदल

प्रत्यक्ष बदलाला फार वेळ लागत नाही. जुन्या मॉड्यूलशी संपर्क होत असेल तर त्याचे कोडिंग आणि सॉफ्टवेअरचा क्रमांक स्कॅनरमध्ये साठवून घ्यावा. किल्ली काढून काही मिनिटे थांबावे, म्हणजे सर्व मॉड्यूल झोपी जातात. मग बॅटरीचा निगेटिव्ह सोडवावा. बॉडीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. कपलरची कडी पूर्ण उघडल्याशिवाय तो ओढू नये. जुन्या प्लास्टिकची कडी एकदा तुटली की कपलर पुन्हा घट्ट बसत नाही, आणि सैल कपलर म्हणजे तीच तक्रार नव्याने. पिना वाकलेल्या नाहीत हे उजेडात पाहावे. मॉड्यूल ज्या रबरी गादीवर किंवा पत्र्यावर बसते, ते मूळचेच वापरावे, कारण तेथून त्याची उष्णता जाते आणि हादरे शोषले जातात. डब्याचे सील दबलेले असेल तर नवे घालावे. त्याऐवजी सिलिकॉन भरून डबा कायमचा बंद करू नये, आत शिरलेल्या पाण्याला मग बाहेर पडायला वाट राहत नाही.

प्रोग्रॅमिंग किंवा कोडिंग करताना बॅटरीला स्थिर पुरवठा करणारे उपकरण जोडलेले असावे. साधा चार्जर चालत नाही, कारण त्याच्या विजेत तरंग असतात, आणि मध्येच व्होल्टेज घसरून लेखन अर्धवट राहिले तर चांगले मॉड्यूलही निकामी होऊ शकते. एसी, दिवे, पंखा बंद ठेवावेत. काम झाल्यावर सर्व मॉड्यूलचे कोड पुसावेत आणि गिअरबॉक्सची जुनी शिकवण, म्हणजे अडॅप्टेशन, शून्यावर आणावे. टीसीएम प्रत्येक क्लच भरायला किती वेळ लागतो हे शिकत असते. दुसऱ्या गाडीची शिकवण आपल्या गिअरबॉक्सवर लादली गेली, तर झटके बसतात आणि मालकाला वाटते की नवे मॉड्यूलही खराबच निघाले.

शिकवणीसाठी ऑईल गरम असावे लागते आणि ॲक्सिलरेटर हलका, एकसारखा ठेवून गाडी सर्व गिअरमधून नेऊन पूर्ण थांबवावी लागते. नेमकी कृती त्या गाडीच्या पुस्तिकेत असते. घोडबंदर रस्त्याच्या संध्याकाळच्या कोंडीत हे शक्यच नाही. भल्या पहाटे, वेगमर्यादा पाळून, नवी मुंबईतला पामबीच मार्ग किंवा पूर्व द्रुतगती मार्गाचा मोकळा भाग यासाठी सोयीचा पडतो. स्कॅनर जोडून ठेवावा आणि तो पाहण्यासाठी शेजारी दुसरी व्यक्ती असावी. चालवणाऱ्याने आकड्यांकडे पाहू नये. पहिल्या काही दिवसांत किंचित झटके जाणवले तर ते शिकवणीचा भाग असू शकतात.

गाडी परत ताब्यात देण्यापूर्वी मी ती चढावर, एसी, दिवे आणि वायपर सुरू ठेवून चालवतो, आणि त्याच वेळी टीसीएमला मिळणारे व्होल्टेज स्कॅनरवर पाहायला सांगतो. ते बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा अर्ध्या व्होल्टहून अधिक खाली असेल, तर कोड नसला तरी काम पूर्ण झालेले नाही, आणि पुरवठ्याचा किंवा अर्थचा राहिलेला जोड शोधावाच लागतो. यानंतरही काही आठवड्यांनी दिवा लागला, तर बॅटरीला हात न लावता आधी कोड वाचून घ्यावेत. मूळचाच कोड परतला असेल, तर वायरिंगचा तोच मार्ग हलवून, ओढून, पाण्याचा फवारा मारून पुन्हा तपासावा. एकटा पी०७३० नेहमी एकाच गिअरवर येत असेल, तर मॉड्यूलचा विषय तेथे संपतो आणि गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीला परवडतो का, याचा हिशेब मालकाने मांडायचा असतो.